तारेच्या टोकाचे काम

तारेचा ब्रश धातू कापत नाही, हे मी कामावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो आणि ते सहसा कोणाला पटत नाही. ग्राइंडरवर चढवलेला ब्रश गंजलेल्या पत्र्याला टेकताच ठिणग्या उडतात, लालसर धूळ उठते, हाताला थरथर जाणवते. एवढे सगळे होत असताना काहीतरी कापले जात असणारच, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः ग्राइंडिंग व्हीलमधला प्रत्येक कण ही एक बारीक धार असते आणि ती धातूचा सूक्ष्म कीस काढत पुढे सरकते. तारेचे तसे नाही. तार पृष्ठभागावर टोकाने आपटते, किंचित वाकते, खरवडत पुढे जाते आणि सुटताच पुन्हा सरळ होते. या आघाताने गंज, वेल्डिंगची स्लॅग (सांध्यावर बसणारी कठीण मळी), पोपडे धरलेला रंग यांसारखे ठिसूळ किंवा सैल थर तडकून उडतात. त्यांच्याखालचे पोलाद मात्र जवळपास जसेच्या तसे राहते. जॉबचे, म्हणजे ज्यावर काम चालू आहे त्या भागाचे, माप न बिघडवता त्यावरचा थर काढायचा असेल तेव्हा ब्रशच हाताशी घ्यावा लागतो तो याच गुणामुळे, आणि काही ठिकाणी ब्रश वापरणे साफ चुकीचे ठरते तेही याच गुणामुळे. निवड, वेग, दाब, सुरक्षितता यांविषयीचे बहुतेक नियम मला तरी या एकाच गोष्टीतून निघालेले दिसतात.

दाबाचा प्रश्न आधी घेतो, कारण ब्रश वेळेआधी संपतात ते मुख्यतः दाबामुळे. खराटा जमिनीवर दाबून धरला तर काड्या आडव्या होतात आणि पाचोळा जागच्या जागी राहतो. तारेच्या ब्रशचेही नेमके तेच होते. जोर वाढवला की तारा वाकून त्यांची टोके पृष्ठभागापासून दूर जातात आणि कुशी घासू लागतात. कुशीने घासल्याने गंज निघत नाही, उष्णता मात्र वाढते आणि प्रत्येक फेऱ्याला तार अधिक कोनात वाकते. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या ग्राइंडरवर सतत टेकवलेल्या ब्रशमधली प्रत्येक तार दहा मिनिटांत एक लाखाहून जास्त वेळा वाकून सरळ होते. इतक्या वेळा वाकणारी कोणतीही तार कधीतरी थकून तुटणारच. ती लवकर तुटणार की उशिरा, हे ती किती कोनात वाकते यावर ठरते. म्हणून ब्रश जितका वेगात आणि जितका हलका टेकवता येईल तितका चांगला. जोर जास्त पडतो आहे हे ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते. यंत्राचा आवाज खाली आला, फेरे मंदावले, की हात सैल करावा.

हलक्या हाताने थर निघत नसेल तर दोष दाबाचा नाही, ब्रशच्या निवडीचा असतो. अशा वेळी तीन मार्ग असतात: तार अधिक जाड घ्यावी, तारेची मोकळी लांबी कमी असलेला ब्रश घ्यावा, किंवा मर्यादेत राहून वेग वाढवावा. आखूड तार लांब तारेपेक्षा ताठ असते, त्यामुळे तिचा आघात तीव्र होतो. याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ब्रश झिजत जातो तसतशा त्याच्या तारा आखूड होतात आणि तो मऊ पडण्याऐवजी कडक होत जातो. त्याच वेळी व्यास कमी झाल्याने परिघावरचा वेग मात्र घटतो. एकसारखे फिनिशिंग हवे असलेल्या कामात नवा ब्रश आणि अर्धा झिजलेला ब्रश यांनी केलेल्या पृष्ठभागांत फरक दिसतो तो यामुळे, आणि जिथे फिनिशिंग ग्राहकाला दाखवायचे असते तिथे एका जॉबवर मध्येच ब्रश बदलू नये असे माझे मत आहे.

तारांची मांडणी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात तारा नागमोडी असतात आणि त्या वळणांमुळे एकमेकींना आधार देतात. हा ब्रश लवचीक असतो, उंचसखल पृष्ठभागावर सहज बसतो आणि एकसारखे, मवाळ काम करतो. हलका गंज, धारेवरची बारीक बर (कापल्यावर कडेला उरलेला धातूचा टोकदार काठ), रंगाआधीची वरवरची सफाई यांसाठी तो योग्य. दुसऱ्या प्रकारात तारांचे झुबके घट्ट पिळून त्यांच्या गाठी केलेल्या असतात. गाठीतल्या तारा एकत्र आपटतात, त्यामुळे आघात कितीतरी मोठा होतो. जाड गंज, स्लॅग, स्पॅटर (वेल्डिंगमध्ये उडून चिकटलेले धातूचे थेंब), जुन्या रंगाचे अनेक थर या कामांना गाठींचाच ब्रश लागतो. पिळ तारेच्या टोकापर्यंत नेलेला असेल तर झुबका फाकत नाही आणि ब्रशची रुंदी जेमतेम सहा मिलिमीटर राहते. पाइपलाइनच्या वेल्डिंगमध्ये हाच अरुंद ब्रश वापरतात, कारण रूट रनच्या, म्हणजे सांध्याच्या तळाशी दिलेल्या पहिल्या थराच्या, दोन्ही कडांना जी खोल, चिंचोळी खाच तयार होते तिच्यात स्लॅग अडकून बसते. ती तशीच राहून वरचा रन चढला तर एक्स-रेमध्ये दोन समांतर काळ्या रेषा दिसतात आणि सांधा पुन्हा खोदावा लागतो. रुंद ब्रश या खाचेवरून नुसता सरकून जातो.

आकारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सपाट आणि मोठ्या पृष्ठभागाला कप ब्रश, कडा, कोपरे व सांधे यांना व्हील ब्रश, भोकांच्या आत आणि अडचणीच्या जागी शँकवरचा, म्हणजे यंत्रात पकडायच्या दांडीवरचा, एंड ब्रश, नळ्यांच्या आत पिळलेल्या दांड्यावरचा ट्यूब ब्रश. एंड ब्रश वेगात फिरू लागला की केंद्रोत्सारी बलाने छत्रीसारखा उघडतो, म्हणून त्याच्या तारांवर कडे घातलेला किंवा तारा रबरासारख्या पदार्थात बुडवून घट्ट केलेला प्रकारही मिळतो. बॉयलर किंवा कंडेन्सरच्या नळ्या साफ करताना ट्यूब ब्रश हाताने चालवायचा असेल तर तो एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढावा. मध्येच उलटा ओढला तर तारा जागीच मुडपतात. तोच ब्रश यंत्रावर लावलेला असेल तर आधी नळीत घालावा आणि मगच यंत्र सुरू करावे. नळीबाहेर फिरवला तर त्याचा लांब दांडा वाकून चाबकासारखा फटका देतो.

आता तारेच्या धातूकडे वळतो. येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण ही निवड चुकली तर नुकसान त्या दिवशी दिसत नाही. साध्या पोलादावर, म्हणजे ज्याला सगळे एमएस म्हणतात त्यावर, उच्च कार्बन पोलादाची तार उत्तम चालते. ती कडक असते, टिकते आणि स्वस्तही पडते. पण हाच ब्रश एसएसवर, म्हणजे स्टेनलेस स्टीलवर, फिरवला तर त्याच्या टोकांचे लोहकण एसएसच्या पृष्ठभागात रुतून बसतात. एसएस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर तयार होणाऱ्या अत्यंत पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. रुतलेल्या लोहकणांना असे कोणतेही संरक्षण नसते. जॉब चकचकीत दिसतो, तपासणीतून पुढे जातो, आणि दमट हवेत काही काळ राहिल्यावर त्यावर तांबूस ठिपके उमटतात. मग दोष एसएसच्या प्रतीवर ढकलला जातो आणि पुरवठादाराशी वाद सुरू होतो. अशा शंकेच्या जागी फेरोक्सिल चाचणी घेता येते. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिक आम्ल यांचे पाण्यातले द्रावण पृष्ठभागावर लावल्यावर निळा रंग उमटला तर तेथे मोकळे लोह आहे, हे निश्चित. मग आम्लाने पिकलिंग करणे (वरचा दूषित थर विरघळवून काढणे), पॅसिव्हेशन करणे (संरक्षक ऑक्साइडचा थर पुन्हा घडवणे), असे पुढचे सगळे सोपस्कार आले.

त्यामुळे एसएसला एसएसच्याच तारेचा ब्रश वापरावा, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्याचा उत्तरार्ध मात्र विसरला जातो. एमएसवर एकदाही वापरलेला एसएसचा ब्रश पुन्हा एसएससाठी वापरू नये, कारण त्याच्या तारांना चिकटलेले लोह तो पुढच्या जॉबवर नेऊन पोहोचवतो. या दोन कामांचे ब्रश वेगळ्या पेट्यांत ठेवावेत आणि दांड्यावर किंवा मधल्या तबकडीवर रंगाने ठळक खूण करावी. नुसत्या तोंडी सूचनेवर विसंबून हे कधीच टिकत नाही. पाळी बदलली की सूचनाही बदलते. ब्रश कशाचा आहे हे चुंबक लावून पाहण्याची पद्धतही येथे फसवी आहे. ३०४ प्रतीचे एसएस मूळ अवस्थेत चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, पण तार थंड अवस्थेत ओढताना त्याच्या अंतर्रचनेत बदल होतो आणि ती चुंबकाला थोडीफार चिकटू लागते. केवळ तेवढ्यावरून चांगला ब्रश बाद करणारे लोक मी पाहिले आहेत.

पितळेच्या ब्रशच्या बाबतीत मात्र चुंबक उपयोगी पडतो. पितळेची तार पोलादापेक्षा मऊ असते, म्हणून साचे, दातेरी चाके, पॉलिश केलेले भाग यांवरचा मळ ती ओरखडे न काढता काढते आणि तिच्यातून ठिणग्याही सहसा उडत नाहीत. बाजारात पितळेचा मुलामा दिलेली पोलादी तारही पिवळीधमक दिसते. ती वाईट नसते, रबर आणि टायरच्या कामात तिला स्वतःचे स्थान आहे, पण तिला पितळ समजून एखाद्या महागड्या साच्यावर फिरवले तर ओरखडे पोलादी तारेचेच पडतात. अशी तार चुंबकाला घट्ट चिकटते, खरे पितळ चिकटत नाही. स्फोटक वायूच्या परिसरात केवळ पितळेचा ब्रश घेतला म्हणजे काम सुरक्षित झाले, असे मात्र कोणी समजू नये. ब्रश ठिणगी देत नसला तरी तो फिरवणारी विजेची मोटार देते.

अॅल्युमिनियमचे वेल्डिंग करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम धातूइतकाच महत्त्वाचा आहे. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणून वेल्डिंगपूर्वी हा थर एसएसच्या स्वतंत्र ब्रशने काढून टाकतात. पण ब्रश फिरवण्यापूर्वी तेल आणि ग्रीस द्रावकाने पुसून काढायलाच हवे. उलट क्रमाने केले तर ब्रश ते तेल मऊ अॅल्युमिनियमच्या ओरखड्यांत दडपून टाकतो, शिवाय स्वतःही तेलकट होतो, आणि सांध्यात वायूची छिद्रे पडतात. येथेही हात हलकाच हवा. जोराने घासलेले अॅल्युमिनियम लेपासारखे पसरते आणि ऑक्साइड निघण्याऐवजी त्याच्याखाली गाडला जातो. विजेच्या अॅल्युमिनियम तारांचे जोड करताना ब्रशने घासल्यावर लगेच जोडाचे ग्रीस लावतात तेही याच कारणाने, कारण उघडा पडलेला अॅल्युमिनियम हवेत क्षणार्धात पुन्हा ऑक्साइड धरतो.

ब्रशच्या मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या रंगकामाच्या पूर्वतयारीत. पोलादी पृष्ठभागाच्या स्वच्छतेच्या पायऱ्या आयएसओ ८५०१-१ या मानकात छायाचित्रांसह दिल्या आहेत. हे मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची छायाचित्रे त्याआधीच्या, १९६७ च्या स्वीडिश मानकातून आली. हाताने किंवा यंत्राने ब्रश, पॉलिश कागद, खरवडणी वगैरे वापरून केलेल्या सफाईला त्यात एसटी २ आणि एसटी ३ अशा दोन पायऱ्या आहेत, तर वाळूसारख्या कणांचा मारा करून केलेल्या सफाईला एसए अक्षरांच्या वेगळ्या पायऱ्या आहेत. एसटी ३ मध्ये पृष्ठभागावर मूळ धातूची चमक दिसायला हवी. मात्र या दोन्ही पायऱ्यांत घट्ट चिकटलेली मिल स्केल (पोलाद लाटताना त्यावर बसणारा ऑक्साइडचा थर) आणि घट्ट बसलेला गंज राहिला तरी चालतो. फक्त सैल थर निघालेला असावा लागतो. अमेरिकेतील एसएसपीसी या रंगलेपनाच्या क्षेत्रातील संस्थेच्या मानकांत तर घट्ट म्हणजे काय याची साधी कसोटीच दिली आहे: बोथट पुट्टीपट्टीने उचकटून जो थर निघत नाही तो घट्ट. ही संस्था आणि गंजरोधनाच्या क्षेत्रातील एनएसीई ही संस्था २०२१ मध्ये एकत्र येऊन एएमपीपी झाली, पण सफाईच्या पायऱ्यांच्या जुन्या एसपी क्रमांकांनीच आजही सगळे बोलतात.

घट्ट थर चालतो म्हटल्यावर अडचण कोठे येते? अडचण मिल स्केलच्या स्वभावात आहे. पोलाद तप्त अवस्थेत लाटले जाते तेव्हा त्यावर लोहाच्या तीन ऑक्साइडांचा निळसर काळा, काचेसारखा गुळगुळीत थर बसतो. तो अखंड असेपर्यंत जणू संरक्षणच करतो. पण त्याला बारीक तडे जातातच, आणि ओलाव्यात तो पोलादाच्या तुलनेत कॅथोड ठरतो, म्हणजे तड्यातून उघडे पडलेले पोलाद ॲनोड होऊन वेगाने गंजते. फिरता ब्रश हा कडक थर काढू शकत नाही. तो त्याला घासून चकाकी आणतो. घट्ट गंजाचेही तेच होते: तपकिरी खरबरीत गंज ब्रशखाली काळपट, तकतकीत होतो आणि दुरून पाहणाऱ्याला धातू उघडा झाल्यासारखा दिसतो. असा पृष्ठभाग रंगासाठी मूळच्यापेक्षाही वाईट, कारण रंगाला पकड घ्यायला जो खरबरीतपणा हवा असतो तोच आपण मेहनतीने घालवलेला असतो. मोरचूदाच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकून ही फसगत ओळखता येते. पोलाद खरोखर उघडे असेल तर त्यावर तांब्याचा थर चढतो, मिल स्केल असेल तर जागा काळीच राहते. चाचणीनंतर ती जागा स्वच्छ धुवून तांबे काढून टाकावे, नाहीतर चाचणीच गंजाचे कारण बनते.

शिवाय खळग्यांचा प्रश्न राहतोच. गंजाने पडलेल्या खळग्याच्या तळाशी क्लोराइड आणि सल्फेट यांचे क्षार साठलेले असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचे टोक त्याहून अरुंद खळग्यात शिरू शकत नाही, आणि शिरले तरी क्षार घासून जात नाहीत. ते पाण्याने धुवूनच काढावे लागतात. समुद्रकिनारी किंवा रासायनिक कारखान्यात केवळ ब्रश मारून केलेला रंग फोड धरतो त्यामागे बहुधा हे क्षार असतात. म्हणून अशा जागी आधी गोड्या पाण्याने धुणे, मग वाळवणे, मग ब्रश, आणि त्यानंतर अशा पृष्ठभागावर चालावे म्हणूनच बनवलेले प्रायमर, हा क्रम मला योग्य वाटतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या, महागड्या इपॉक्सी रंगाच्या थरांखाली साधा ब्रश मारून भागवणे म्हणजे रंगाचे पैसे वाया घालवणे आहे. कणांचा मारा करणे शक्यच नसेल तर ब्रशच्याच कुळातील एक वेगळे यंत्र उपयोगी पडते, जे मॉन्टी या जर्मन कंपनीने ब्रिसल ब्लास्टर या नावाने आणले. त्यात पुढे वाकवलेल्या, कडक टोकांच्या तारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधी एका आडव्या दांड्याला अडतात आणि सुटताच अधिक वेगाने आपटून लगेच मागे उसळतात. तार खरवडत न जाता ठोका देऊन परतत असल्याने चकाकी येण्याऐवजी बारीक खळगे उमटतात. एसएसपीसीच्या एसपी ११ या पायरीला उघडा धातू आणि किमान २५ मायक्रॉनचा खरबरीतपणा दोन्ही लागतात. साध्या ब्रशने ते साधत नाही, या यंत्राने साधते.

वेगाचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावे. ११५ मिलिमीटरचा ब्रश ११,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर, म्हणजे ताशी २३८ किलोमीटरच्या आसपास भरतो. त्या क्षणी तुटलेली तार त्याच वेगाने निघते. तारेच्या टोकावरचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सात हजार पटींहून अधिक असतो, आणि फेरे दुप्पट केले तर हे बल चौपट होते. बेंच ग्राइंडरवर १५० मिलिमीटरचा ब्रश २,८५० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा मात्र परिघाचा वेग सेकंदाला केवळ २२ मीटर असतो. म्हणून ब्रशवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या भाररहित फेऱ्यांपेक्षा जास्त असल्याशिवाय तो चढवू नये, या नियमाला अपवाद नाही. मला सर्वांत भीती वाटते ती ड्रिलसाठी बनवलेल्या सहा मिलिमीटर शँकच्या ब्रशची. तो डाय ग्राइंडरच्या, म्हणजे बारीक कामाच्या वेगवान हातयंत्राच्या, कॉलेटमध्येही (पकडीतही) अगदी नीट बसतो, आणि डाय ग्राइंडर वीस हजारांहून अधिक फेरे घेतो. शँक बसला म्हणून ब्रश चालतो असे नाही.

तारा उडणे हा ब्रशचा दोष नसून स्वभाव आहे, हे मान्य करूनच उभे राहावे. गॉगलवर पूर्ण चेहऱ्याची ढाल, जाड चामड्याचा एप्रन, बंद गळ्याचे कपडे हवेत आणि गार्ड जागेवर असायला हवा. कप ब्रश बसत नाही म्हणून गार्डच काढून ठेवणे हे नेहमीचे दृश्य आहे, आणि त्याला कोणतेही समर्थन नाही. नवा ब्रश चढवल्यावर तो जॉबला न टेकवता मिनिटभर मोकळा फिरवावा, म्हणजे सैल तारा त्या काळात निघून जातात. त्या वेळी ब्रश ज्या प्रतलात फिरतो त्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. स्वतःचे डोळे झाकून काम करणारा माणूस शेजारी फिटिंग करणाऱ्याचा विचार क्वचित करतो. पत्र्याच्या कडेवर काम करताना ब्रश कडेवरून बाहेरच्या दिशेने सुटेल असा धरावा. कडेवर चढणाऱ्या दिशेने धरला तर तो कडेत अडकतो आणि ग्राइंडर हातातून झेप घेतो. जुन्या पुलांवर आणि टाक्यांवर शिशाचा रंग असण्याची शक्यता असते. फिरता ब्रश त्याची अतिसूक्ष्म धूळ करतो, आणि अशा ठिकाणी धूळ ओढून घेणारी व्यवस्था व योग्य श्वसनमुखवटा नसेल तर ब्रश लावूच नये. एसएसच्या वेल्डिंगजवळ उडणाऱ्या क्रोमियमयुक्त धुळीलाही हाच सावधपणा लागू होतो.

तुटलेली तार माणसाला लागली नाही म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. हायड्रॉलिक टाकी, गिअरबॉक्स, बेअरिंगची बैठक यांच्या आत ब्रश वापरल्यावर तेथे उरलेली एक तार सगळे काम पाण्यात घालवू शकते. पोलादी तार चुंबकाने शोधता येते, पितळेची किंवा एसएसची शोधणे अवघड जाते, म्हणून अशा पोकळ जागी तारेऐवजी दुसरा मार्ग शोधणे शहाणपणाचे. हा धोका केवळ यंत्रांपुरता नाही. मांस भाजण्याची जाळी तारेच्या ब्रशने साफ केल्यावर तिच्यावर राहिलेली तार अन्नासोबत गिळली जाऊन घशाला आणि आतड्याला इजा झाल्याच्या घटनांची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती. खाद्यपदार्थांच्या यंत्रांवर तारेचा ब्रश फिरवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

नायलॉनच्या धाग्यात सिलिकॉन कार्बाइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळून केलेले ब्रश हे वेगळेच साधन आहे, जरी ते दिसायला त्याच घराण्यातले असले तरी. येथे धागा आपटत नाही, धाग्यातले कण घासतात. त्यामुळे टोकाइतकीच कूसही काम करते, दाब थोडा जास्त चालतो, आणि धागा झिजेल तसे नवे कण उघडे पडत जातात. यंत्रावर कापलेल्या भागांची बर काढणे आणि कडांना बारीक गोलाई देणे यांत हे ब्रश तारेपेक्षा सरस ठरतात. मात्र वेग तारेपेक्षा पुष्कळ कमी ठेवावा लागतो, नाहीतर नायलॉन वितळून जॉबवर त्याचा थर बसतो. जड गंजाला आणि स्लॅगला त्यांचा काही उपयोग नाही.

ब्रशचे आयुष्य वाढवण्याचा एक जुना उपाय बेंच ग्राइंडरवरच्या व्हील ब्रशसाठी आजही चांगला आहे. काही काळ काम झाल्यावर ब्रश काढून उलटा चढवावा. एकाच दिशेने वाकत राहिलेल्या तारांची टोके एका बाजूने गोल झालेली असतात; दिशा बदलली की दुसरी, तीक्ष्ण कड पुढे येते आणि तारा सरळही होतात. साठवण कोरड्या जागी, मूळ पेटीत करावी आणि ब्रशवर दुसरे वजन ठेवू नये, कारण वाकलेल्या तारांचा ब्रश असंतुलित फिरतो आणि गंजलेली तार पहिल्याच आघाताला तुटते. तारांचे झुबके असमान उरले असतील, फिरवल्यावर यंत्र थरथरत असेल किंवा तारा अविरत सुटत असतील तर ब्रश बाद करावा. बाद केलेला ब्रश कटरने तोडूनच भंगाराच्या पेटीत टाकावा. अखंड टाकला तर पुढच्या पाळीतला कोणीतरी तो उचलून पुन्हा ग्राइंडरवर चढवतो.